फलाट क्रमांक तीन हजार

परवा क्लासमध्ये एका मुलीनं विचारलं, “मॅडम, पोर्ट म्हणजे नेमकं काय?” आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “फलाट.” पोरं हसली. मला मात्र राग आला, आणि ज्या माणसाचा आला तो आता या जगात नाही, त्यामुळे काढायचा कुणावर हाही प्रश्नच. मेहकरला क्लास चालवत मला बरीच वर्षं झाली. सर्व्हर, पोर्ट, रिक्वेस्ट, सगळ्यांच्या चांगल्या नीटनेटक्या व्याख्या मला पाठ होत्या. उत्तमराव अवसरमोल माझ्या क्लासला आले आणि त्या सगळ्यांची वाट लावून गेले.

उत्तमरावकाका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे स्टँडवर काचेच्या खिडकीआड बसून कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली ते माइकवरून सांगणारा माणूस. निवृत्त झाले होते, पण माइक काही सुटला नव्हता. क्लासच्या दारात उभे राहून “जय भीम, मॅडम” म्हणायचे तेसुद्धा असं, की खालच्या झेरॉक्सच्या दुकानातला माणूस मान वर करून बघायचा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, पॉलिश केलेले बूट. क्लास दहाचा असेल तर हे साडेनऊलाच पायरीवर बसलेले. मी दहाला पाच कमी असताना पोचले तरी मनगटाकडे बघून म्हणणार, “गाडी उशिरा धावून राह्यली आज.” स्वतःच्याच क्लासला वेळेआधी येऊन उशीर झाल्याचं ऐकून घ्यायचं, अशी माझी दिवसाची सुरुवात व्हायची.

“मले वेबसाइट बनवाची हाय,” पहिल्याच दिवशी म्हणाले. “लहानशी. एका वाक्याची.”

त्या एका वाक्यामागे भानगड होती. काकांच्या पुतण्याची, नामदेवची मुलगी वैशाली गावाहून मेहकरला कॉलेजला यायची. तिच्यासोबत गावातल्या आणि शेजारच्या वस्तीतल्या आणखी काही पोरी. परत जायला सायंकाळची एकच गाडी, आणि वाटेतल्या पुलाचं काम निघालेलं. पूल मोकळा असला की गाडी कॉलेजच्या दारावरून निघून थेट गावात जायची. पूल बंद असला की ती बाहेरच्या रस्त्यानं, जुन्या नाक्यावरून जायची आणि पोरींना फाट्यावर सोडायची. आज कोणती वाट, हे दुपारी पुलावरचं काम बघून ठरायचं. पोरी बिचाऱ्या कॉलेजच्या दारात उभ्या आणि गाडी गेलेली नाक्यावरून, असं अधूनमधून व्हायचं. मग ऑटो शोधा, फाट्यावर उतरा आणि अंधारात शेतातून चालत गाव गाठा. नामदेवला मुळात पोरीनं कॉलेजात जाणंच पसंत नव्हतं. काकांनी हट्ट धरून तिचं नाव घातलं होतं, त्यामुळे ती उशिरा पोचली की शिव्या काकांच्या नावानं.

स्टँडवर काकांच्या हाताखाली शिकलेला एक जण आता त्या खिडकीत बसत होता. तो दुपारी काकांना फोन करून वाट सांगायचा. ती वाट पोरींना त्यांच्या फोनवर दिसावी, एवढंच काकांना पाहिजे होतं.

मी म्हटलं, “काका, मग वैशालीला एक फोन करा की.”

“आन बाकीच्या पोरी? त्या कोण्या गावच्या? खिडकी एका माणसासाठी नसते, मॅडम.”

तर ही खिडकी. मी सर्व्हर समजावून सांगायला लागले, की कुणीतरी काही मागतं, सर्व्हर ते ऐकतो आणि उत्तर देतो. “म्हणजे चौकशी खिडकी,” काका म्हणाले. मी म्हटलं, “तसंच काहीतरी.” “तसंच काहीतरी नाही, तेच हाय,” म्हणाले, आणि शेजारी बसलेल्या पोरांकडे बघून त्यांनी जाहीर केलं, “लिहून घ्या, चौकशी खिडकी.” पोरांनी लिहूनही घेतलं. मी फळ्यावर काढलेली आकृती तशीच राहिली.

पुढे पोर्ट आला. सर्व्हरनं तीन हजार नंबरच्या पोर्टवर ऐकत बसायचं, असं मी सांगितलं. “फलाट क्रमांक तीन हजार?” काकांनी चष्मा कपाळावर चढवला. “एवढाले फलाट त मुंबईलेबी नाहीत!” पान सापडलं नाही तर सर्व्हर चारशे चार नंबरची चूक पाठवतो, हे ऐकून तर ते भडकलेच. “अशी गाडीच नाही, म्हणून तोंडानं सांगाव ना सरळ. म्हातारी बाई खिडकीवर आली त तिले काय नंबर सांगता?” त्यांच्या वेबसाइटवर चुकीचा पत्ता टाकला की शेवटपर्यंत हेच यायचं: ‘अशी गाडी नाही. कृपया पुन्हा चौकशी करावी.’

तयार कोड उचलून चिकटवायचा नाही, हा त्यांचा दुसरा बाणा. मी म्हणायची, काका, या दहा ओळी जगात सगळे अशाच लिहितात, घ्या उतरवून आणि पुढे चला. “दुसऱ्याच्या तिकिटावर प्रवास करू काय?” म्हणायचे आणि एका बोटानं एकेक अक्षर दाबत बसायचे. एक कंस उघडला की तो बंद करायचं त्यांच्या लक्षात राहायचं नाही. मग पडद्यावर लाल ओळ यायची. ती ओळ मनात वाचावी की नाही? नाही. ती उद्घोषणेच्या सुरात, साऱ्या क्लासला. “अनएक्सपेक्टेड टोकन! प्रवाशांनी लक्ष द्यावे, अनएक्सपेक्टेड टोकन!” पलीकडच्या खोलीत टायपिंगची परीक्षा द्यायला बसलेल्या मुलांचे हात थांबायचे. पालकांच्या तक्रारी आल्या. मी काकांना समजावलं, दम दिला, हात जोडले. पालथ्या घड्यावर पाणी.

एकदा कसंबसं वाक्य पडद्यावर आलं, तर मराठीच्या जागी चिन्हांचा नुसता काला. कोणत्या लिपीत वाचायचं ते ब्राउझरला सांगायची ओळ त्यांनी गाळली होती, कारण ती “फालतू” वाटली. ती घातली. मराठी दिसलं. मग त्यांनी ‘पुलावरून’ पुसून ‘बाहेरच्या रस्त्याने’ केलं, पान ताजं केलं, तर पुन्हा ‘पुलावरून’च.

“म्या बदललं ना!”

“सर्व्हर बंद करून परत चालू करा. त्यानं जुनंच वाचून ठेवलंय.”

“खिडकीतल्या माणसाले नवी वाट सांगाची त त्याले आधी घरी पाठवाचं आन मंग परत बोलवाचं? कोण्या डेपोत असं चालते?”

मी कपाळावर हात मारून घेतला. शेवटी ते वाक्य वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचं आणि कुणी विचारलं की सर्व्हरनं फाइल उघडून वाचायची, असं करून दिलं. आता गंमत अशी, की फाइल वाचून होईपर्यंत सर्व्हर अडून बसत नाही, तोवर पुढच्याला घेतो, ही गोष्ट शिकवताना माझ्या नाकी नऊ येतात. काकांनी ती ऐकताच मान डोलावली. “खिडकीतला माणूस डेपोले फोन लावते आन तवरक पुढच्याले बोलावते. समजलं.” मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्यांनी उत्तर पाठवायची ओळ फाइल वाचायच्या आधीच घातलेली, आणि पान कोरं करकरीत. समजलं म्हणायला काय जातं!

पण खरा कहर पुढेच होता. घरच्या लॅपटॉपवर वेबसाइट चालली. काकांनी मला फोन करून “झालं” म्हणून सांगितलं आणि ठेवून दिला. मी म्हटलं, चला, उद्यापासून ती इंटरनेटवर चढवायचं शिकवू. सकाळी स्कूटीवरून कॉलेजजवळून जाते, तर दारासमोर हा एवढा फ्लेक्स. एका कोपऱ्यात हात जोडलेले काका. मधोमध ‘सायंकाळच्या गाडीची चौकशी आता आपल्या मोबाइलवर’. आणि खाली, लांबूनही वाचता येईल अशा अक्षरात, localhost:3000.

मी स्कूटी तिथंच उभी करून फोन लावला. “काका, हे काय लावलंय?”

“पत्ता. तुम्हीच त सांगतला.”

“अहो, लोकलहोस्ट म्हणजे ज्याचं त्याचं स्वतःचं यंत्र! तुमच्या लॅपटॉपवर टाकलं तर तुमचा लॅपटॉप. पोरींनी फोनवर टाकलं तर त्यांचाच फोन स्वतःलाच विचारणार!”

काका म्हणाले, “लोकल म्हणजे आपल्या गावचं. होस्ट म्हणजे यजमान. आपल्या गावचा यजमान. मले त लई आवडलं ते नाव.”

हसावं की रडावं कळेना. ते फ्लेक्स काढायला निघाले, पण मध्येच कुणीतरी भेटलं, बोलण्यात वेळ गेला आणि फ्लेक्स सायंकाळपर्यंत तिथंच. पोरींना वाटलं, आता काळजी नाही. कॉलेज सुटल्यावर त्या पत्त्यावर बोटं मारत दारातच उभ्या राहिल्या. पूल नेमका बंद होता. गाडी नाक्यावरून निघून गेली. वैशाली घरी पोचली तेव्हा दिवेलागण होऊन बराच वेळ झाला होता.

दुसऱ्या दिवशी नामदेव मेहकरला काकांच्या घरी येऊन बोलून गेला. आता आणखी एकदा पोरगी अंधारात चालत आली, की कॉलेज बंद. आणि यापुढे आमच्या घरात तुम्ही पाय ठेवू नका. हे काकांनी मला सांगितलं ते खाली बघून.

माझी चिडचिड झाली होतीच. मी म्हटलं, “काका, पुरे झालं हे. व्हॉट्सॲपचा ग्रुप करा, सगळ्या पोरींना त्यात घाला आणि रोज दुपारी एक ओळ टाका. पोरीचं कॉलेज जायची वेळ आली आणि तुम्ही कंस मोजत बसलात.”

“ग्रुप नाही.”

“का नाही?”

“ग्रुपमंदी साऱ्याइचे नंबर साऱ्याइले दिसतात. आज पोरी हायेत. उद्या कोणाचा भाऊ येईन, परवा भावाचा दोस्त. मंग पोरींच्या फोनवर कोणाचे फोन येतीन, सांगा बरं. आन एका पोरीले असा फोन आला, त नामदेव काय, साऱ्या गावचे बाप पोरी घरी बसवतीन.” आणि पुढे म्हणाले, “खिडकीवर कोणी आलं त आपण त्याचं नाव इचारतो काय? वाट सांगतो. जाऊ देतो.”

त्यांचं खरं होतं, आणि त्याचाही मला रागच आला. त्याच दुपारी मी बसले आणि त्यांची ती वेडीवाकडी वेबसाइट इंटरनेटवर चढवून दिली. परवलीचा शब्द टाकून वाक्य बदलायला एक चौकट करून दिली. पत्ता पोरींच्या हाती पडला. फ्लेक्सवर काकांनी खऱ्या पत्त्याची पट्टी चिकटवली, तीही तिरपी.

आणि चाललं की हो ते. दुपारी काका क्लासला यायचे, खिडकीतल्या माणसाचा फोन यायचा, काका वाक्य बदलायचे. गाडी बाहेरच्या रस्त्यानं असली की पोरी वेळेत नाक्यावर, फाट्यावर उतरून उजेड असेपर्यंत घरी. काकांचं काम तिथं संपायला हवं होतं. पण कुणी पान उघडलं की काळ्या पडद्यावर ‘चौकशी आली’ अशी एक ओळ उमटेल, असं त्यांनी करून घेतलं होतं. आता ते कॉलेज सुटेपर्यंत त्या पडद्यासमोरून हलेनात. माझी एक खुर्ची आणि एक कॉम्प्युटर रोज अडकलेला.

पहिल्याच आठवड्यात त्यांची तक्रार. “मॅडम, एकच पोरगी दोन डाव काऊन इचारते? एकदा सांगतलं की कळत नाही काय?” मी सांगितलं, ब्राउझर पान मागतो आणि पाठोपाठ पानावरचं छोटं चिन्हही मागतो, म्हणून दोन ओळी येतात. “म्हणजे गाडी इचारते आन वरून गाडीचा रंग कोणता तेबी इचारते?” मी ती दुसरी ओळ बंद करून टाकली. माझा दिवस शांत जावा म्हणून.

मग एक दिवस त्यांनी मला हाक मारली ती वेगळ्याच आवाजात. पोरी अजून वर्गात होत्या, त्यांचे फोन बंद, आणि पडद्यावर ओळी येत होत्या. चौकशी आली. चौकशी आली. थोडा वेळ जाऊन पुन्हा. हे रोज होतंय म्हणाले, ज्या दिवशी गाडी बाहेरच्या रस्त्यानं त्या दिवशी जास्तच. विचारणाऱ्याचा फोन कोणता हे कधीकधी कळतं, मी ते उघडून पाहिलं. रोज तोच एक जुना, स्वस्तातला फोन. आमच्या पोरींपैकी कुणाकडे तसला फोन नव्हता.

काका खुर्चीवरून उठले आणि परत बसले. “मॅडम, पोरी कोण्या दिवशी फाट्यावर उतरतात, हे आपण साऱ्या जगाले सांगून राह्यलो.”

ते म्हणाले, बंद करा, आत्ता बंद करा. मी म्हटलं, बंद केलं तर पोरी पुन्हा कॉलेजच्या दारात उभ्या राहतील आणि वैशालीचं कॉलेज संपलं. ते पुन्हा म्हणाले, बंद करा. मी म्हटलं, नका करू. करा. मला ओरडावंसं वाटत होतं, त्यांच्यावर, त्या पुलावर, आणि त्या फोनवाल्यावर तर सगळ्यात जास्त. शेवटी मीच म्हटलं, “बसा स्कूटीवर. आज गाडी बाहेरच्या रस्त्यानंच आहे. बघू तरी कोण आहे.”

काका पुढे थोड्याच महिन्यांत झोपेतच गेले, त्या पुलाचं काम पुरं व्हायच्या आधी. मला ते आठवतात ते त्या सायंकाळचे. साऱ्या रस्ताभर मागे बसून मला सूचना देत होते, “डावीकडून घ्या, खड्डा हाय,” आणि खड्डा उजवीकडे.

फाट्यावर बाभळीखाली एक माणूस उभा होता. आमच्याकडे पाठ, सायकल झाडाला टेकवलेली, खाली मान घालून फोन बघत असलेला. काका स्कूटी थांबायच्या आधीच उतरले आणि पडता पडता वाचले. “ए!” म्हणून ओरडले. माणसानं वळून पाहिलं. धोतरावर माती, हातात तडा गेलेला फोन.

नामदेव होता.

दोघांचं बोलणं बंदच होतं ना! पण काकांना राहवलं नाही. “येवढ्या डाव कशाले इचारतं बे? एकदा सांगतलेलं समजत नाही तुले?”

“आन मंधातच बदललं त?” नामदेव म्हणाला. “वावरातून इथं याले येळ लागते. गाडी गावात गेली आन म्या इथं, असं नाही झालं पाह्यजे. म्हून पाह्यतो.”

“रोज येतं?”

“हाव. इकडून असली त येतो.”

“पोरीनं त नाही सांगतलं मले.”

“तिले नाही माईत.” नामदेवनं बांधाकडे हात केला. “पोरी उतरल्या का म्या त्या धुऱ्यानं निंगतो, तिच्या आंधी घरी. काय सांगू तिले? तुमच्यासंगं भांडलो, तिच्यावरबी बोंबललो. आता कोण्या तोंडानं म्हणू, का रोज इथं येऊन राह्यलो?”

मी स्कूटीचा स्टँड लावायचा विसरून तशीच धरून उभी होते. एवढ्यात गाडीचा आवाज आला. नामदेवनं सायकल उचलली आणि बांधाकडे निघाला. काकांनी त्याचा दंड धरला. तो सोडवून घ्यायला लागला, पण काकांनी काही सोडला नाही.

गाडी थांबली. पोरी उतरल्या, वैशाली सगळ्यात शेवटी. आमच्या भागात घरची माणसं अचानक फाट्यावर येऊन उभी राहिली की बातमी बहुतेक वाईटच असते. बाप, आबा (काकांना ती आबा म्हणायची) आणि कॉम्प्युटरच्या मॅडम, असे तिघं ओळीनं उभे बघून तिचा चेहरा पांढरा पडला.

“आबा, काय झालं? कोण गेलं?”

काकांनी पुढे होऊन तिच्या खांद्यावरची बॅग काढली आणि नामदेवच्या हातात दिली.

“कोणी नाही गेलं, माय,” ते हळूच म्हणाले. “तुहा बाप घ्याले आला.”